जेट गेलं, अबुधाबी राहिलं

जेट एअरवेज कुणी बुडवली, हा खरं तर मुंबईकरांनी भांडायचा विषय. कंपनी तिथली, कर्ज देणाऱ्या बँका तिथल्या, आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून निघालेलं तिचं शेवटचं विमान उतरलं तेही मुंबईतच. तरी पिंपरी-चिंचवडमध्ये या विषयावर दोन तट आहेत. वाद एकदा निघाला की जेटपाशी थांबत नाही, थेट अबुधाबीला जाऊन पोचतो. कारण मधली काही वर्षं पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून जेटचं विमान सरळ अबुधाबीला जायचं, आणि निगडी, वाकड, हिंजवडीतल्या कितीतरी घरांना परदेशाचा रस्ता त्या तीन-साडेतीन तासांच्या प्रवासातून जायचा.

पुढच्या संवादातले मामा आणि भाची मी ओळखीच्या पुष्कळ माणसांमधून जुळवले आहेत. मामा टेल्कोच्या टूल रूममधून निवृत्त झालेले. कंपनीचं नाव टाटा मोटर्स होऊन दोन दशकं उलटली, पण ते टेल्कोच म्हणतात. भाची चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लॉजिस्टिक्स बघते. दोघांचे आकडे बहुतेक बरोबर असतात. निष्कर्ष मात्र जुळत नाहीत.

मामा : सरळ गोष्ट आहे. २४ एप्रिल २०१३. एकाच दिवशी दोन व्यवहार झाले. अबुधाबीच्या एतिहाद विमान कंपनीनं जेटचे २४ टक्के शेअर घेतले, एका शेअरला ७५४ रुपये ७४ पैसे, सगळे मिळून २,०५८ कोटी. आणि त्याच दिवशी आपल्या सरकारनं अबुधाबीला विमानातल्या आठवड्याच्या ३६,६७० जागा वाढवून दिल्या. आधी होत्या १३,३३०. तीन वर्षांत झाल्या ५०,०००. आता तूच सांग, बाजारभावापेक्षा इतका चढा भाव त्यांनी कशाचा दिला? कर्जात बुडालेल्या कंपनीचा? पैसे दिले ते जागांचे.

भाची : दिले तर दिले. मामा, जागांचा तो करार दोन्ही बाजूंना सारखा असतो. त्यांच्या विमानांना आठवड्याला ५०,००० जागा, तशा आपल्या विमानांनाही ५०,०००. यात फसवलं कुणी कुणाला?

मामा : कागदावर सारखा. अगं, अबुधाबीची वस्ती किती आणि आपली किती! मुंबईहून तिकडे जाणारा प्रत्येक जण काय अबुधाबीत राहायला निघालाय? त्याला जायचंय लंडनला, शिकागोला, न्यूयॉर्कला. अबुधाबीच्या पुढचं मोठं विमान त्यांचं, त्याची कमाई त्यांची. आपल्या वाट्याला तीन तासांचा तुकडा.

मामांचा हा मुद्दा काही कट्ट्यावरचा नाही. सुब्रमण्यम स्वामी हाच विषय घेऊन सुप्रीम कोर्टात गेले होते. स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०१३ मध्ये व्यवहाराला मान्यता दिली, तीही एकमतानं नाही. एका सदस्यानं वेगळं मत नोंदवलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जेटनं हीथ्रोवरच्या स्लॉटच्या तीन जोड्या एतिहादला ७ कोटी डॉलरना विकल्या होत्या आणि मग तेच स्लॉट भाड्यानं वापरले. २००७ पासून ब्रसेल्सला जेटचं स्वतःचं केंद्र होतं, तिथून अमेरिकेला विमानं जायची. मार्च २०१६ मध्ये ते बंद करून ॲमस्टरडॅमला हलवलं. त्यानंतर अमेरिकेला जेटचं स्वतःचं एकही विमान उरलं नाही. ज्या कंपनीचं विमान एकेकाळी न्यूयॉर्कला उतरायचं, ती अबुधाबीपर्यंत माणसं नेऊन दुसऱ्याच्या हवाली करू लागली. इथवर मामांशी वाद घालायला जागा नाही.

पण भाचीला ब्रसेल्सचं सोयरसुतक नाही.

भाची : ब्रसेल्सचं विमान पुण्याहून सुटत होतं का? नाही ना? मग ते गेलं काय नि राहिलं काय. तुम्ही मुंबईच्या चष्म्यातून बघताय. आपल्याकडून परदेशी जायचं म्हणजे काय असायचं ते आठवा. रात्री नऊला निगडीच्या पुलाखाली कूल कॅब. लोणावळ्याच्या पुढे कंटेनर उलटलेला. ड्रायव्हर म्हणणार, अर्धा तास लागेल, आणि लागणार दोन. तरी आपण मुंबईच्या सहार विमानतळावर चार तास आधी पोचायचं म्हणून लवकरच निघालेलो. विमानात बसेपर्यंत माणूस अर्धा मेलेला असायचा.

मामा : मुंबई काय आज लांब गेली?

भाची : तुम्हाला नाही हो, मामींना विचारा. ताईच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघाल्या होत्या. दोन बॅगा, त्यातली एक नुसती डिंकाचे लाडू, मेतकूट आणि गोडा मसाला. गुडघे ठीक होते, तरी व्हीलचेअर मागितली होती. कशासाठी? इंग्रजीत कुणी काही विचारलं तर काय उत्तर द्यायचं, ही भीती. निगडी प्राधिकरणातल्या निम्म्या आया-सासवा व्हीलचेअरवरून अमेरिकेला गेल्यात, गुडघे दुखत नसताना.

मामा : ते खरं आहे.

भाची : मामींनी बॅग लोहगावला दिली. सोडायला अख्खं घर आलं आणि अर्ध्या तासात परत घरी. अबुधाबीला विमान बदललं. आणि तिथे काय होतं, माहितीये? जानेवारी २०१४ पासून अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबुधाबीच्याच विमानतळावर व्हायची. अमेरिकेचेच अधिकारी, पण अमेरिकेत पोचायच्या आधी. प्रश्न विचारून झाले, शिक्का बसला, मग विमान. न्यूयॉर्कला उतरल्यावर देशातल्या देशात आल्यासारखं सरळ बाहेर. तिथल्या लांबलचक रांगेत रात्रभर जागलेल्या बाईला उभं राहावं लागलं नाही. हे तुमच्या त्या ३६,६७० जागांतून आलं.

मामा : सोय झाली, मी नाही कुठे म्हणतो? पण सोय आणि सौदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भाची : गेल्या वर्षी मामी दुसऱ्यांदा गेल्या. कशा गेल्या?

मामा : (जरा थांबून) मुंबईहून. एतिहादनंच.

यावर भाचीनं विजयी मुद्रा करायला हरकत नव्हती. तिनं केली नाही, कारण चाकणचा हिशेब तिच्या बाजूनं उभा राहत नाही हे तिला ठाऊक आहे. या विमानामुळे चाकणच्या उद्योगाला पंख फुटले वगैरे भाषणं तेव्हा झाली असतील. कारखान्यातल्या माणसाला विचारलं तर चित्र वेगळं दिसतं.

भाची : मालाचं म्हणाल तर काही उपयोग नव्हता. ते ७३७ जातीचं विमान. त्याच्या पोटात कंटेनर जात नाही, पॅलेट जात नाही. खोकी हातानं एकेक रचायची, तीही प्रवाशांच्या बॅगा भरून जागा उरली तर. जर्मनीत कुणाची लाइन थांबायची वेळ आली आणि इथून रातोरात पार्ट पाठवायचे असले की आम्ही ट्रक थेट सहारला काढायचो. आजही तेच.

मामा : म्हणजे साहेब लोकांची सोय झाली, मालाची नाही.

भाची : साहेबांची तर त्याच्या आधीपासून होती. २००८ मध्ये लुफ्तान्सानं पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं, सगळ्या सीट बिझनेस क्लासच्या. तेव्हा चाकणला फोक्सवॅगन उभी राहत होती, मर्सिडीज येत होती. विमान लुफ्तान्साच्या नावाचं, पण चालवायची प्रायव्हेटएअर नावाची स्विस कंपनी.

मामा : तिचं काय झालं?

भाची : डिसेंबर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

मामा : घ्या.

पुण्याच्या नशिबी बुडणाऱ्याच कंपन्या का येतात, असं मामांना विचारायचं असावं. उत्तर धावपट्टीत आहे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ. धावपट्टी अडीच किलोमीटरच्या जरा पुढे. मोठं विमान पूर्ण भरून, टाकी भरून तिथून युरोप-अमेरिकेकडे उडवणं व्यवहारात बसत नाही. म्हणून पुण्याला मिळतात ती लहान विमानं आणि जवळची शहरं. लांब जायचं तर मध्ये कुणाचं तरी विमानतळ लागणार: मुंबईचं, दिल्लीचं किंवा आखातातलं. यावर उपाय म्हणून चाकणजवळ, खेड तालुक्यात नवा विमानतळ करायचं वर्षानुवर्षं चाललं होतं. जागा बघितल्या, बदलल्या, शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि २०१६ मध्ये तो विषय पुरंदरला गेला. ज्यांच्या जमिनी कारखान्यांत गेल्या होत्या त्यांना उरलेल्या धावपट्टीत घालायच्या नव्हत्या. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार निदान मुंबईच्या विमानतळाची तक्रार करणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही.

मामा मात्र मूळ मुद्दा सोडत नाहीत. जेट आणि आखात यांचं नातं त्यांच्या मते २०१३ चं नाहीच.

मामा : ५ मे १९९३ ला जेटचं पहिलं विमान उडालं. तेव्हा भागीदार कोण होते? गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज. प्रत्येकी २० टक्के. म्हणजे एक बहरीनवाले, एक कुवेतवाले. जन्मच आखाती पैशावर. मग १९९७ मध्ये नियम आला, परदेशी विमान कंपनीला देशातल्या विमान कंपनीत भाग घेता येणार नाही. त्या दोघी बाहेर पडल्या. पण त्याच नियमानं दुसरं कोण अडलं? आमचे टाटा. सिंगापूर एअरलाइन्सला बरोबर घेऊन त्यांना विमान कंपनी काढायची होती. ज्या घराण्यानं १९३२ ला या देशात विमानं चालवायला सुरुवात केली, त्यांना दार बंद. आणि जेट आत.

भाची : टेल्कोचा अभिमान सांभाळून बोला.

मामा : अभिमान बाजूला ठेव, तारखा बघ. पंधरा वर्षं दार बंद. सप्टेंबर २०१२ मध्ये उघडलं, ४९ टक्क्यांपर्यंत परवानगी. तोवर किंगफिशर मरायला टेकली होती आणि जेटला पैसा हवा होता. नियम गरज कुणाची ते बघून बदलतो का, एवढंच मी विचारतो.

भाची : मग त्याच उघड्या दारातून टाटाही आले ना? सिंगापूरबरोबर विस्तारा काढली, जानेवारी २०१५ मध्ये ती उडाली. दार उघडलं ते चांगलंच झालं. तुमचा राग दारावर आहे की आधी आत गेलेल्यावर?

मामांचा राग दोन्हींवर आहे, आणि मला वाटतं त्यात तथ्य आहे. १९९७ च्या नियमानं जेटचे भागीदार गेले, पण स्पर्धकही अडला, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त किमतीची ठरली. २००५ मध्ये जेटचा शेअर ११०० रुपयांना बाजारात आला, त्या भावात ही सुरक्षित वर्षंही मोजलेली होती. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. त्याच्या पाच दिवस आधी सुप्रीम कोर्टानं जेट मोडीत काढायचा आदेश दिला होता. बंद दाराचा लाभ झालेली कंपनी आणि उघड्या दारातून आलेली कंपनी, दोघींची नावं एकाच आठवड्यात पुसली गेली.

मामा : बरं, बुडवली कुणी ते सांग. अबुधाबीनं हात लावला तिथे काय झालं बघ. एअर बर्लिन, ऑगस्ट २०१७ मध्ये दिवाळखोर. अलितालिया, त्याच वर्षी मे महिन्यात सरकारी प्रशासकाच्या हाती. मग जेट. तिन्हींत एतिहादचा पैसा.

भाची : दवाखान्यात जास्त माणसं मरतात म्हणून दवाखाना वाईट ठरतो का? एतिहाद बहुतेक आजारी कंपन्याच घेत होती, कारण त्या स्वस्तात मिळत होत्या. ते धोरण चुकलं, हे त्यांनाही कळलं. ज्यानं ते राबवलं तो जेम्स होगन २०१७ मध्ये गेला. पण जेटचा आजार जुना. २००७ मध्ये १,४५० कोटींना एअर सहारा घेतली, ती कधी पचलीच नाही. समोर इंडिगो, एकाच जातीची विमानं, कमी खर्च. आणि महाराष्ट्रात विमानाच्या इंधनावर मुंबई-पुण्यात २५ टक्के व्हॅट. २०२३ मध्ये तो १८ वर आला, जेट गेल्यावर. २०१५-१६ आणि १६-१७ ला नफा झाला तो तेल स्वस्त होतं म्हणून. तेल चढलं आणि संपलं.

मामा : आणि २४ टक्क्यांच्या मालकानं काय केलं?

भाची : २४ टक्क्यांच्या मालकाच्या हातात असतं काय? ५१ टक्के जेटच्या संस्थापकाचे, गोयलांचे. अबुधाबीनं पुढे पैसे टाकायची तयारी दाखवली तेव्हा गोयलांनी बाजूला व्हावं अशी अट असल्याच्या बातम्या होत्या. ते बाजूला झाले २५ मार्च २०१९ ला. तीन आठवड्यांनी विमानं उभी.

इथे मामा भाचीला अडवत नाहीत. कंपनी घराण्याची मिळकत म्हणून चालवली की काय होतं हे कामगार म्हणून त्यांना कळतं. त्यांना छळतो तो नंतरचा भाग.

मामा : आणि कामगार? महिनोन् महिने पगार नाही. जून २०१९ मध्ये प्रकरण कंपनी लवादाकडे गेलं. दोन वर्षांनी योजना मंजूर, आणि घेणारा कोण? पुन्हा आखातातच धंदा असलेला, जालान. बरोबर लंडनची कॅलरॉक. आमच्याकडे वेजबोर्ड लांबला की युनियन गेटवर बसायची. इथे गेटच नाही, बसणार कुठे? प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी द्या असा अपील लवादाचा आदेश झाला, कोर्टानं तो उचलून धरला. दिली का नव्या मालकानं?

भाची : नाही. योजनाच फसली. पहिला हप्ता ३५० कोटींचा, त्यातले २०० कोटीच भरले. शेवटी कोर्टानं तेही जप्त केले आणि कंपनी विकून टाका म्हणाले.

मामा : आणि गोयलांना सप्टेंबर २०२३ मध्ये ईडीनं अटक केली, कॅनरा बँकेच्या ५३८ कोटींवरून. बँका, कोर्टं, ईडी, सगळ्यांचं काम चालू राहिलं. लोहगावच्या काउंटरवर बसणारी पोरगी काय करत असेल?

भाचीकडे याचं उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. जेट बुडाल्यावर जागा, स्लॉट, विमानं, पार्किंग यांना पटापट गिऱ्हाइकं मिळाली. विमानतळावरचा रिकामा स्लॉट महिनाभरही पडून राहत नाही. पगाराच्या थकबाकीला तसा बाजार नसतो.

या वादातला खरा पेच मला दिसतो तो पुढे. भाचीनंच तो काढला, आणि मला वाटतं पुण्याच्या बाजूनं पाहिलं तर बाकी सगळ्यापेक्षा हाच महत्त्वाचा आहे.

भाची : मामा, जेट गेल्यावर मुंबईचं काय गेलं? अबुधाबीच्या बाबतीत म्हणते मी. काहीच नाही. तिथे एतिहाद स्वतः उतरत होती, आजही उतरते. पुण्याचं सगळं गेलं.

मामा : का?

भाची : कारण एतिहादचं स्वतःचं विमान पुण्याला येत नाही. करारात फक्त जागा नसतात, शहरांची यादीही असते. आखाती कंपनीला आपल्या देशात यादीतल्याच शहरांत उतरता येतं. आपल्या कंपनीला मात्र आपल्या कुठल्याही शहरातून तिकडे उडता येतं. म्हणून पुणे-अबुधाबी विमान जेटच चालवू शकत होती. अबुधाबीला पुण्याचे प्रवासी हवे होते, तर भारतीय नावाची कंपनी हाताशी लागत होती. तुम्ही म्हणता त्यांनी जागा विकत घेतल्या. माझ्या मते त्यांनी पुणे, लखनौ अशी गावंही घेतली, जिथे त्यांना स्वतः येता येत नव्हतं.

मामा : म्हणजे माझंच म्हणणं झालं!

भाची : निम्मं. करार दोन देशांतला होता, कंपन्यांतला नाही. जेट मेली तरी आपल्या बाजूच्या ५०,००० जागा देशाकडेच राहिल्या. आता त्यांवर इंडिगो उडते, एअर इंडिया एक्सप्रेस उडते. ज्याला तुम्ही अबुधाबीला दिलेली भेट म्हणता, ती जेट नाहीशी झाल्यावरही भारतीय कंपन्या वापरताहेत.

याला मामांकडे तयार उत्तर नव्हतं. खरंच, २०१३ च्या वादात ही शक्यता फारशी कुणी मोजलेली नव्हती. तेव्हा भांडण होतं ते एअर इंडिया आणि जेट यांच्यातल्या वाट्याचं. त्या जागांवर पुढे इंडिगो उडू लागेल, हे त्या भांडणात फारसं कुणाच्या हिशेबात नव्हतं.

मामा : मग आता पुरंदर. लांब धावपट्टी होणार म्हणतात. तिथे तुझ्या एमिरेट्सला, एतिहादला येऊ द्यायचं?

भाची : दुबईनं २०२२ मध्ये मागितलेलंच आहे. आणखी ५०,००० जागा आणि नवी आठ शहरं, त्यात पुणे. आपल्या सरकारनं दिलं नाही. मी म्हणते, द्या. चाकणचा माल मोठ्या विमानाच्या पोटातून जाऊ दे, माझे ट्रक घाटात अडकायचे थांबू देत.

मामा : द्या. पण बदल्यात काय घ्यायचं ते आधी ठरवा.

भाची : मुंबईनं २०१३ मध्ये बदल्यात काय घेतलं होतं?

मामा : म्हणून तर विचारतोय.